पिराचा मलिदा

चतुराबाईनं जन्मात कुणापुढं मान खाली घातली नव्हती. दवाखान्यात ती घालावी लागते, हे तिला कुणी सांगितलंही नव्हतं. परभणीच्या त्या दवाखान्यात पाय ठेवल्यापासून तिनं दारावरच्या माणसाला झापलं होतं, नर्सबाईला दोनदा सुनावलं होतं, आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या लेकाला, बाप कण्हायला लागलाय अन् तू मोबाइल काय बघत बसलास म्हणून, सगळ्यांदेखत उभं-आडवं धुतलं होतं. तोंड चालू होतं तोवर बरं होतं. तोंड थांबलं की डोळ्यांपुढं ते मळणीयंत्र यायचं.

बोरीच्या शिवारात सोयाबीनची रास चालली होती. सून अपेक्षा यंत्रात काड लोटत होती. ओलसर काड तोंडाशी अडकलं, पोरीनं ते उजव्या हातानं आत ढकललं, आणि काडामागं हात गेला. तिच्या नवऱ्यानं, आदिनाथनं, धावत जाऊन यंत्र बंद केलं, तोवर मनगटाखालचा हात बघवेना असा चिरडला होता. जिंतूरला धुऊन-बांधून दिलं आणि तिथून गाडीत घालून इकडं आणलं. हाताचे मोठे डॉक्टर सकाळी नांदेडहून यायचे होते. इथल्या डॉक्टरांनी आदिनाथला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सकाळी पहिलं ऑपरेशन हेच. बोटांना रक्त नीट पोचत नाहीये. उशीर झाला तर हात ठेवता येणार नाही." बाजूला घेऊन सांगितलेलं चतुराबाईला ऐकू येत नाही, असा आजवर कुणाचा अनुभव नव्हता.

संध्याकाळी नर्सबाई सांगायला आली, "मावशी, आता ह्यांना तोंडातून काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. सकाळी भूल द्यायचीय."

"पोरीचं एवढं रगत गेलंय, अन् वरून उपाशी मारता का तिला?"

"सलाइन चालू आहे ना."

"सलाइन म्हंजी मिठाचं पानी. त्यानं अंगात जीव येत असता तर आमी भाकरी कामून थापल्या असत्या?"

नर्सबाई हसलीही नाही, थांबलीही नाही. खाटेवरून अपेक्षाच हळूच म्हणाली, "राहू द्या आत्याबाई. मला भूक न्हाई."

मग भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. मधुवंती नाव. अंगानं लहानखुरी, आवाज मऊ, पण प्रश्न मोजून-मापून विचारणारी बाई. दम लागतो का, कोणतं औषध चालू आहे का, दात हलतो का, आधी कधी भूल घेतलीय का. एकेक प्रश्न अपेक्षाला, आणि एकेक उत्तर चतुराबाईचं. शेवटी डॉक्टरीणबाईनं स्टूल फिरवलं. "आजी, मी त्यांना विचारतेय. त्यांना बोलू द्या."

"ती काय बोलती? नांदायला आली तवापसनं तिच्यावतीनं मीच बोलते."

ह्यात खोटं काही नव्हतं. अपेक्षा ह्या घरात आली ती खाली बघत आली आणि खालीच बघत राहिली. एकदा तवा निसटून तिच्या पावलावर पडला होता. पोरीच्या तोंडातून आवाज निघाला नाही, फक्त दुसऱ्या पायाची बोटं तिनं अशी आवळली की नखं फरशीत रुततील. चतुराबाईनं तेव्हा साऱ्या भावकीत कौतुकानं सांगितलं होतं, "सून अशी पाहिजे. भाजलं तरी हूं न्हाई की चूं न्हाई."

त्याच संध्याकाळी चतुराबाईनं गावाकडं फोन लावला. नवरा आश्रुबा बैलांच्या राखणीला घरीच राहिला होता.

"बांधावरच्या पिराला मलिदा करा. शेजारच्या चांगुणाबाईकडून पोळ्या करून घ्या. तुपाला हात आखडू नका. दिवस उगवायच्या आत चढवून थेट इकडं घेऊन या."

त्यांच्या वावराच्या बांधावर लिंबाखाली पिराचं ठाणं होतं. घर देवा-धर्माचं, पण सासूच्या सासूपासून अडल्या-नडल्याला मलिदा त्या पिरालाच. गव्हाच्या जाड पोळ्या कुस्करायच्या, गूळ घालायचा, तूप सुटेपर्यंत मळायचं, लाडवासारखे मुटके करायचे. रीत अशी की, ज्याच्या नावाचा मलिदा त्यानं तो आधी खायचा, अनशापोटी, आणि त्याच्या वाट्याचा कणही मागं ठेवायचा नाही. ठेवला तर नवस फिरतो. आदिनाथ लहानपणी तापानं फणफणला तेव्हा ह्याच मलिद्यानं उठून बसला होता, असं चतुराबाई सांगत असे. डॉक्टरचं औषधही चालू होतं, ते ती सांगत नसे.

आश्रुबा उजाडता-उजाडता मोटारसायकलवर आला. फडक्यात बांधलेला डबा अजून कोमट होता. नर्सबाई दुसऱ्या खोलीत गेलेली बघून चतुराबाईनं पडदा ओढला.

"ऊठ गं. घे."

तुपाचा वास आला तसं अपेक्षानं डोळे उघडले. "आत्याबाई, सिस्टरनी न्हाई म्हणलंय."

"ते खान्याला न्हाई म्हणलंय. हे काय खानं हाय? पिराचं हाय हे."

"पर त्यांनी पान्याला बी..."

"मी तुझ्या वाईटावर हाय का?"

ह्यापुढं त्या घरात बोलणं संपत असे. अपेक्षाचा उजवा हात फडक्यांत गुंडाळलेला, डाव्यात सलाइनची सुई. मग चतुराबाईनं स्वतःच्या हातानं मुटका फोडला आणि सुनेच्या तोंडात घास घातला. ह्या पोरीला आपण हातानं कधी भरवलं नव्हतं, हे तिला त्या घडीला जाणवलं. अपेक्षा डोळ्यांतून पाणी गाळत खात होती. दोन मुटके संपले. डब्याच्या तळाचा चुराही चतुराबाईनं बोटानं पुसून तिच्या जिभेवर ठेवला.

"कुनी इचारलं तर काही खाल्लं न्हाई म्हणायचं. खोटं न्हाई ते. प्रसाद कोन मोजतंय?"

अपेक्षानं मान हलवली. थोड्या वेळानं गाडा आला, तिच्यावर हिरवी चादर टाकली आणि तिला काचेच्या दारामागं नेलं.

बाहेर बाकावर चतुराबाई ताठ बसली. पिराचं झालं होतं, आता डॉक्टरांनी काय करायचं ते करावं. शेजारी ताडकळसची एक बाई बसली होती, दगडाबाई. तिच्या नवऱ्याचं अंतरगळाचं, म्हणजे हर्नियाचं, ऑपरेशन होतं.

"कालच व्हायचं व्हतं बघा," दगडाबाई म्हणाली. "पर आमच्या धन्यानं सकाळी गुपचूप केळं खाल्लं. एक न्हाई, दोन. भूलवाल्या बाईनं इचारलं तर ह्यानं ढेकर दिला. आता ढेकर काय लपतो व्हय?"

चतुराबाईच्या ओठाला जरा मुरड पडली. "केळ्यानं काय व्हतंय? केळं तर उपासाला चालतंय."

"मी बी तेच म्हणलं. तर बाईनं मला बाजूला घेऊन समजून दिलं. म्हनली, मावशी, आपन झोपलो तरी अंग जागं असतं. थुका उलटा गेला तर ठसका लागतो, जागं व्हतो. भुलीत ठसकाच मरतो. पोटाचं तोंड ढिलं पडतं. आत जे असंल ते वर येतं, घशात, अन् तिथनं फुफ्फुसात उतरतं. मानसाला खोकता बी येत न्हाई. झोपल्या जागी गुदमरतं."

चतुराबाईचा हात मांडीवरच्या डब्यावर गेला. दगडाबाई पुढं बोलत राहिली. "म्हनली, तेलकट-तुपकट असंल तर लय वाईट. ते पोटातनं लवकर हालतच न्हाई. अन् मार लागलेल्याचं पोट तर जाग्यावरच थांबतं म्हनं, दुखन्यानं."

"अन् प्रसाद असला तर?" चतुराबाईनं विचारलं.

"कसला परसाद?"

"देवाचा. पिराचा. बोटभर."

दगडाबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. मग तिच्या मांडीवरच्या रिकाम्या डब्याकडं. आवाज खाली आणून म्हणाली, "पोटाला काय कळतंय बाई, परसाद हाय का भाकर हाय?"

चतुराबाई उठली. उठताना डबा खाली पडला आणि झाकण फरशीवर गरगरत गेलं. ती काचेच्या दाराशी धावली. दाराशी बसलेल्या शिपायानं हात आडवा केला. "आजी, आत जायचं नाही. कालपासून तुमचं..."

"बोलवा त्या बाईला. भूलवालीला."

"आत पेशंट घेतलाय. आता कुणी येत नसतं."

"आरं, पोरगी मरंल!" चतुराबाई ओरडली आणि दोन्ही तळव्यांनी काच बडवायला लागली. कालपासून ती इतकी ओरडली होती की आता तिच्या ओरडण्याकडं कुणी बघेना. नर्सबाईनं मानसुद्धा वर केली नाही. कोपऱ्यातून आदिनाथ धावत आला. रात्रभर जागून त्याचे डोळे सुजले होते.

"आई, शांत व्हय. त्यांना काम करू दे."

लेकाकडं बघून तिचं तोंड मिटलं. सांगितलं तर हा लेक जन्मभर आपल्याकडं कसा बघेल, ते तिला आत्ताच दिसलं. न सांगितलं तर दारामागं काय होईल, तेही दिसलं. तिच्या कानात नुसतं दगडाबाईचं बोलणं वाजत होतं, खोकता बी येत न्हाई, खोकता बी येत न्हाई.

"मी तिला मलिदा चारला," ती म्हणाली. "सकाळी. लपून."

आदिनाथनं आईकडं एकदा बघितलं. मग वळला आणि खांद्यानं दार ढकलून आत घुसला. शिपाई त्याच्यामागं पळाला. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, कुणीतरी ओरडलं, आणि क्षणभरानं तोंडावरची पट्टी खाली ओढत मधुवंती बाहेर आली.

"काय खाल्लंय त्यांनी?"

"थोडा मलिदा. पिराचा."

"थोडा म्हणजे किती?"

"बोटभर."

"आजी, आत सुई भरून ठेवलीय. एका मिनिटात मी त्यांना झोपवणार होते. मी आत्ताच त्यांना विचारलं. नाही म्हणाल्या. आता तुम्ही खरं सांगितलं नाही तर मी कुणाला विचारू?"

चतुराबाईनं आपली ओंजळ पुढं केली. नुसती नाही, बोटं उघडून, मोठी करून दाखवली. "एवढा. कणीबी ठेवली न्हाई. तूप लय व्हतं. न्हाई म्हणायचं तिला मीच सांगितलं व्हतं."

डॉक्टरीणबाईनं त्या ओंजळीकडं बघितलं आणि डोळे मिटून उघडले. शिव्या दिल्या असत्या तर चतुराबाईला सोसलं असतं.

"हाताचं ऑपरेशन थांबवता येणार नाही," ती अर्धं स्वतःलाच म्हणाली. "आणि पूर्ण भूल मला आता द्यायची नाही. दिलीच तर घशात नळी घालेपर्यंत जो वेळ जाईल त्यात काय वर येईल ते सांगता येत नाही. फक्त हात झोपवते. खांद्याशी नसा जातात, तिथं औषध सोडलं की हात मेल्यासारखा होतो, माणूस जागा राहतो. ठसका शाबूत राहतो. पण तुमच्या सूनबाई थरथरतायत. सुईच्या वेळी हलल्या तर माझं अवघड होईल." तिनं चतुराबाईला वरून खालपर्यंत बघितलं. "तुमचं ऐकतात ना त्या? चला आत."

अंगावर हिरवा झगा, डोक्यावर टोपी, पायांत दुसऱ्याच कुणाच्या चपला. चतुराबाई अपेक्षाच्या उशाशी उभी राहिली. पोरीचा चेहरा पांढरा पडला होता. सासूला बघून ती आणखीच भेदरली. "आत्याबाई, मी सांगितलं न्हाई. कुनालाच न्हाई सांगितलं."

चतुराबाईनं दोन्ही हातांनी पोरीचं डोकं धरलं, आणि पोर थांबली, जशी नेहमी थांबायची.

मधुवंतीनं मानेच्या बुडाशी थंड औषध पुसलं, छोट्या पडद्यावर बघत बघत सुई आत नेली. अपेक्षा हलली नाही. मग वाट बघणं आलं. नांदेडहून आलेले डॉक्टर हात धुऊन कोपरं वर धरून उभे होते. डोक्याशी एक यंत्र टिक टिक करत होतं आणि चतुराबाई त्याच्या प्रत्येक ठोक्याला धरून उभी होती.

"आता सांगा," मधुवंतीनं चिमटा घेतला. "अंगठ्याला कळतंय?"

"न्हाई."

"मधल्या बोटाला?"

"न्हाई."

"करंगळीकडं?"

"न्हाई."

तीनही वेळा एकाच सुरात. डॉक्टर पुढं सरकले. त्याच वेळी चतुराबाईचं लक्ष चादरीबाहेर आलेल्या पावलांकडं गेलं. डाव्या पायाची बोटं आवळलेली होती. अशी, की नखं रुततील.

"थांबा!" ती ओरडली. "खोटं बोलायलीय ती. दुखायलंय तिला."

मधुवंतीनं अपेक्षाकडं बघितलं. अपेक्षानं सासूकडं बघितलं आणि मान हलवली. न्हाई दुखत.

"पोरी," चतुराबाई खाली वाकली. "दुखतंय तर दुखतंय म्हण. तू अशी गप राहिलीस अन् सुरी लागल्यावर तुला सोसलं न्हाई, तर ही बाई तुला झोपवंल. झोपवलं की तू उठायची न्हाईस. माझ्या हातचा घास तुला मारंल. वरड. मी सांगायलेय म्हणून न्हाई. दुखायलंय म्हणून वरड!"

मधुवंतीनं करंगळीच्या बाजूला पुन्हा चिमटा घेतला, जरा जोरात.

अपेक्षाच्या तोंडातून आधी नुसता श्वास आला. मग असा आवाज आला की कोपऱ्यातली आयाबाई दचकली. "दुखतंय! लय दुखतंय! अन् मी न्हाई म्हणत व्हते! सिस्टरनी न्हाई म्हणलंय म्हणून सांगत व्हते मी! कधी ऐकता का तुमी? कधी तरी ऐकलंय का माझं?"

"आणिक बोल," चतुराबाई म्हणाली. तिच्या गालावरून आलेला ओघळ टोपीच्या नाडीत जिरत होता.

"मला खायचं नव्हतं! घशाखाली उतरत नव्हतं!"

"बोल."

"एक नस औषधातून सुटलीय," मधुवंती शांतपणे म्हणाली आणि दुसरी सुई मागितली. "कोपराशी आणखी एक देते. बरं झालं ओरडलात."

पुन्हा सुई, पुन्हा वाट बघणं. मग तिनं विचारलं, "आता करंगळीला?"

अपेक्षानं सवयीनं आधी सासूकडं बघितलं. चतुराबाईनं चटकन तोंड फिरवलं आणि भिंतीकडं बघत उभी राहिली. पाठमोरी. आता तिला पोरीचे पायही दिसत नव्हते, तोंडही दिसत नव्हतं. जे काही होतं ते त्या एका शब्दात होतं, आणि तो शब्द तिच्या हातात नव्हता.

मागं यंत्राची टिक टिक चालू होती.

"न्हाई लागत," अपेक्षा म्हणाली. मग थोडं थांबून, "दाबल्यासारखं लागतंय. दुखत न्हाई."

"तेवढं राहणारच," मधुवंती म्हणाली. "आजी, आता बाहेर जा."

बाहेर आल्यावर चतुराबाई बाकावर बसली नाही. दगडाबाईनं डबा उचलून, झाकण लावून ठेवला होता. तो तिनं हातात घेतला नाही. आश्रुबा काही विचारायला पुढं झाला आणि तिचं तोंड बघून मागं सरला. आदिनाथ भिंतीला टेकून उभा होता. आईकडं त्यानं बघितलं नाही, आणि तिनंही त्याला बघ म्हटलं नाही.

ती काचेला कान लावून उभी राहिली. आतलं धड काही ऐकू येत नव्हतं. लोखंड लोखंडाला लागल्याचा आवाज, डॉक्टरांचा जाडा स्वर, आणि मधूनच, बारीक पण स्पष्ट, अपेक्षाचा आवाज. तो थांबला की चतुराबाईचा श्वास थांबायचा. शिपाई ह्या वेळी काही बोलला नाही. त्यानं स्टूल थोडं बाजूला घेतलं.

आयाबाई ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा चतुराबाईनं तिचा पदर धरला. "काय म्हणायलीय?"

"करंगळी ठेवता न्हाई यायची म्हणून सांगितलं डॉक्टरनी तिला. त्यावर रडली. मग पानी मागितलं, दिलं न्हाई. मग खांद्याला रग लागली म्हनली." आयाबाईनं पदर सोडवून घेतला. "बाकी बोटांचं संध्याकाळी कळंल म्हनत्यात. सारखी बडबडायलीय बघा. गप म्हणलं तरी गप बसंना."

दार लागलं. चतुराबाईनं पुन्हा काचेला कान लावला. आत एकदम शांत झालं होतं. तिचे ओठ हलायला लागले. पिराचं नाव घ्यायचं तिला सुचलं नाही.

"बोल," ती काचेला म्हणत होती. "बोल माय. बोल."